शनिवारची कणीक

नोव्हेंबरात ओतारची उजवी बाजू गेली
आणि तिच्याबरोबर सगळे शब्द.
एकच मागे राहिला, घर रिकामं करताना
कोनाड्यात एखादं बटण राहावं तसा:
उद्या.

पाणी हवंय? उद्या.
कूस बदलू? उद्या.
नाव काय तुमचं, कुताईसीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.
उद्या, म्हणाला, अगदी गंभीरपणे.
बाईंनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

एकवीस वर्षं यानं ओनीच्या घाटातून मिनीबस हाकली,
बर्फात, दरडींत, झिंगलेल्या वऱ्हाडासकट,
आणि कुणाला साधं खरचटू दिलं नाही.
आता मी त्याला चमच्यानं भरवते.
तो चमचा चावतो. कधी माझं बोटही.
लामारा तिकडे बारी शहरात
एका परक्या म्हाताऱ्याला भरवते,
त्या पैशांतून तिच्या बापाची औषधं येतात.
हा हिशेब तूच मांडलास का, प्रभू?
मांडला असशील तर एकदा ताळा करून बघ.

तुझ्याशी मी आडपडदा ठेवत नाही.
हिवाळाभर मला तुझा राग होता.
देवळात यायचे, मेणबत्ती वाळूत खुपसायचे,
त्याच्या दंडात सुई खुपसावी तशी,
आणि मागे न बघता घरी.

त्सिआला म्हणते, दुःखाला अर्थ असतो गं.
असेल. तिला रोज तीन चादरी धुवायच्या नाहीत.
मला अर्थबिर्थ सापडला नाही,
सापडली ती त्याच्या टाचेवरची जखम,
जर्दाळूच्या बीएवढी.
मिठाचं कोमट पाणी, जुनं मऊ फडकं.
त्या गुरुवारी देवळात पाय धुण्याचा धडा वाचला म्हणे.
मी ऐकायला नव्हते.
मी पायच धूत होते.
आणि धुता धुता, का कोण जाणे,
हा पाय फक्त ओतारचा आहे असं वाटेना.
एवढंच. उजेड वगैरे काही पडला नाही.
पाणी गार झालं होतं, फेकून दिलं.

शनिवारी मी अर्पणाची भाकर मळते,
सासूनंतर हे काम माझ्याकडे आलं.
पीठ, पाणी, मीठ, खमीर, दुसरं काही नाही.
वर उमटवायचा लाकडी शिक्का
मधोमध तडकलेला आहे,
त्यामुळे प्रत्येक क्रुसाला एक जास्तीची रेघ पडते.
फादर इलारिओन म्हणतात, नवा करून घेऊ.
मी हो म्हणते आणि विसरते.

पुनरुत्थानाच्या सकाळी फादर घरी आले,
दाढीला धुपाचा वास, हातात लाल अंडं.
पलंगाशी वाकून मोठ्यानं म्हणाले,
ख्रिस्त उठला आहे!
यावर काय म्हणायचं ते पोराटोरांनाही ठाऊक.
ओतारनं डावा हात उचलला,
सगळा जीव गोळा केला आणि म्हणाला,
उद्या!

फादर गडबडले. त्सिआलानं तोंडाला पदर लावला.
आणि मी हसले, सहा महिन्यांत पहिल्यांदा,
पोटात कळ येईपर्यंत हसले,
आणि मला हसताना बघून तोही, अर्ध्या तोंडानं.

खरंच सांगते, खोटं नव्हतं त्याचं.
साऱ्या गावात रविवार उजाडला तरी
आमच्या घरात अजून शनिवार आहे.
दगड जागच्या जागी. बाया घरी बसलेल्या.
पण शनिवारीही कुणीतरी कणीक मळून ठेवावी लागते,
आणि ते मला येतं.

आज परत वीज गेली आहे.
कणकेवर त्याचा घाटातला जुना कोट पांघरलाय,
आत ती हळूहळू फुगत असेल, न दिसता.
तीन वाजता त्याला कुशीवर वळवायचं.
झोप आता, मी म्हणते.
उद्या, तो म्हणतो.
बरं बाबा, उद्या.
पीठ मात्र संपत आलंय, तेवढं बघायला हवं.